पावसात आवळणारी दोरी

दोरीच्या बाबतीत मी हेकट माणूस आहे. घरात कुणी कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणली की आजही माझं डोकं फिरतं, आणि सुतळी आणली तर मी खोलीतून उठून जातो. बायको म्हणते, दोरीच ती, तिच्यात एवढं काय आहे. तिला मी इतकी वर्षं काही बोललो नाही. आता सत्तरी जवळ आली, सांगून टाकतो.

साल त्र्याऐंशी असेल किंवा चौऱ्याऐंशी. मी अंबडला एका कारखान्यात टर्नर होतो. शेजारच्या ड्रिलिंग मशीनवर नामपूरचा एक जण होता, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. शेतकऱ्याचा मुलगा, कांद्याची शेती, आयटीआय करून नाशकात आलेला. बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ, सातवा महिना लागलेला. हा इथं भाड्याच्या खोलीत, स्टोव्हवर पिठलं टाकून खाणारा. मला भाऊ म्हणायचा. आम्हा दोघांना डोंगर चढायचा नाद लागला होता. सुट्टी आली की सकाळची पहिली एसटी पकडायची आणि कुठला तरी किल्ला गाठायचा. ह्या नादापायी आम्ही कारखान्यात येडे म्हणून प्रसिद्ध होतो.

वर मुक्काम करायचा तर डोक्यावर काहीतरी हवं. एकदा आम्ही कारखान्यातली जुनी ताडपत्री मागून नेली. कोरडी होती तोवर ठीक. पावसात भिजली आणि उतरताना तिनं आमचे खांदे सोलून काढले. त्या दिवशी मी शपथ घेतली की आता हलकं पाल करायचं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत बसेल असं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही म्हणाल तसं." हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. ते आज मला फार लागतं, कारण त्या पालातली एकूण एक वस्तू मी म्हणालो तशीच आली.

कापड देवळाली कॅम्पातून आणलं. तिथं बाजारात एक जण लष्करातून बाद झालेला माल विकायला बसायचा. बूट, पाण्याच्या बाटल्या, कांबळी, आणि पॅराशूटच्या कापडाचे तुकडे. त्याच्याकडे दोन तुकडे होते, एक हिरवट, एक पांढरा. माझा सोबती म्हणाला, हिरवा घेऊ. मी हिरवा उजेडात धरला तर त्याला ठिणग्यांनी पडल्यासारखी बारीक बारीक भोकं. पांढरा धडका होता. मुठीत दाबला तर मुठीत मावला. मी म्हणालो, पांढराच. तो म्हणाला, पांढरं बरं दिसत नाही. मी म्हणालो, तुला त्याचा सदरा शिवायचाय का?

ते कापड आम्ही माझ्या घरामागे दोरीवर ताणलं, मेण रॉकेलमध्ये विरघळवून त्याचे दोन हात दिले आणि चार दिवस वाळवलं. पाणी टाकलं तर थेंब थेंब होऊन घरंगळायचं. वास मात्र जाता जाईना. कोपऱ्यांना कड्या ठोकल्या असत्या तर एवढं पातळ कापड फाटलं असतं. तिथं त्याची अक्कल उपयोगी पडली. कोपऱ्यात एक गोल खडा ठेवायचा, कापड त्यावर गुंडाळून खड्याच्या मानेला दोरी आवळायची. गावी कांद्यावर प्लास्टिकचा कागद झाकताना ते असंच करायचे म्हणे. खुंट्या मी अॅल्युमिनियमच्या भंगार पट्टीच्या केल्या, साहेबांना विचारून. दोरी ताणायला त्यानं दोन भोकांच्या चकत्या पाडल्या, इतक्या सुबक की हातातून सोडवत नव्हत्या.

राहिली दोरी. खरी गंमत दोरीतच असते, कापड काय कुणीही आणेल. मी गॅलरीच्या कठड्याला तीन दोऱ्या बांधल्या, एक नायलॉनची, एक काथ्याची, एक तिपेडी सुतळी. प्रत्येकीला पाण्याची बादली अडकवली आणि दोऱ्या भिजवल्या. सकाळी पाहिलं तर नायलॉन चार बोटं लांबलेलं. काथ्या होता तसाच, पण जड आणि हाताला टोचणारा. सुतळी मात्र भिजून दोन बोटं आखडली होती, बादली वर उचलली गेली होती. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, पावसात सैल पडते ती दोरी काय कामाची? पावसात आवळते ती दोरी आपली. त्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ती फुगून दगड झाली होती. "भाऊ, ही सुटायची कशी?" मी म्हणालो, सुटत नाही तर कापायची, त्यात काय.

आता भरपूर सुतळी हवी होती आणि दोन बांबू. अंजनेरीच्या पठारावर दोरी बांधायला झाड मिळत नाही, काठ्या बरोबर न्याव्याच लागतात. आमची सुट्टी आणि पेठेची सुट्टी एकाच वारी. सगळी दुकानं बंद. गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मात्र एक दुकान अर्धं उघडं दिसलं. बाहेर शिड्या, सुपं, टोपल्या, बांबू टेकून ठेवलेले. पेठ बंद असताना ह्याचंच दुकान उघडं का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी जन्माचा नाशिककर. पण मी घाईत होतो आणि घाईत असलो की मला कुणाचं काही दिसत नाही.

आत एक वयस्क माणूस बसला होता. मी म्हणालो, दोन बांबू द्या, सरळ आणि हलके, आणि सुतळी. त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं. रात्रपाळी करून तसेच आलो होतो, डोळे लाल, दाढी वाढलेली. तो हळू आवाजात म्हणाला, "माणूस केवढा?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, काठीची उंची ठरवायला विचारतोय. मी सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "ह्याच्याएवढा."

त्यानं माझ्या सोबत्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं. मग दोन बांबू काढले, त्याच्या उंचीहून दीड हात जास्त ठेवून करवतीनं कापले. सुतळी हातावर मोजून घेतली, सात वेढे. भाव बोलला नाही. मीही मनात म्हणालो, बरा माणूस आहे, घासाघीस नाही. मग तो आत गेला आणि एक लहान मडकं आणून बांबूंच्या शेजारी ठेवलं. "कापड इथलं घेता की घरचं आहे?" त्यानं विचारलं.

मी मडक्याकडे पाहत राहिलो. माझ्या सोबत्याला माझ्याआधी कळलं. त्याचा हात माझ्या मनगटावर आला, गार पडलेला. मी त्या माणसाला सांगितलं की काका, आमचं कुणी गेलेलं नाही, आम्ही डोंगरावर पाल ठोकायला सामान नेतोय. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्यानं मडकं उचलून आत ठेवलं आणि बांबू तसेच राहू दिले.

"मग दुसरे द्या," सोबती म्हणाला. "हे नको."

"मोजलेलं सामान मी परत ठेवत नाही," तो म्हणाला. "कुणीच ठेवत नाही. मापाचं असतं ते. ठेवलं तर मापाचा माणूस येईस्तोवर पडून राहतं. तुम्ही न्या आणि नदीत सोडा."

आमच्या घरात वडिलांनी नवस, गंडेदोरे, दृष्ट काढणं हे सगळं मी जन्मायच्या आधीच हद्दपार केलं होतं. आम्ही बौद्ध. वडील सांगायचे, भीती ही सगळ्यात स्वस्त मिळते, म्हणून लोक तीच विकत घेतात. मी त्यांचा लेक. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की विचारू नका. मी बांबू खांद्यावर टाकले, सुतळी पिशवीत कोंबली आणि म्हणालो, नदीत कशाला, चांगला माल आहे. निघताना सवयीनं "येतो" म्हणालो. दुकानदारानं मान दुसरीकडे वळवली. तिथं येतो म्हणायचं नसतं, एवढं तरी मला ठाऊक होतं.

नदीच्या पुलावर सोबती थांबला. घाबरला की तो गावाकडचं बोलायचा. "भाऊ, हाई बरं नई शे. सोडी द्या पाण्यात." मी ऐकलं नाही. मी त्याला विचारलं, बांबूला काय ठाऊक तो कशासाठी कापलाय? सुतळीला काय कळतं? तो म्हणाला, "सुतळीला नाही कळत. पण तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात ना." ह्यावर मी जास्तच चिडलो. जित्याची खोड, दुसरं काय.

पुढचे आठ दिवस तो टाळाटाळ करत होता. खोकला झालाय म्हणाला. खोकला खरा होता, मशीनवर उभा असताना ऐकू यायचा. म्हणाला, घरी बाळंतपण येऊन ठेपलंय, मला काही झालं तर तिचं कोण बघणार. ऑगस्टमधली जोडून सुट्टी तोंडावर आलेली, आणि मी महिनाभर पाल तयार करत बसलेलो. एके दिवशी चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत म्हणालो, आमचे पहिलवान सुतळीला घाबरतात. पोरं हसली. एकानं मशीन पुसायच्या सुताचा धागा त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, सांभाळ, आवळेल. तोही हसला. संध्याकाळी गेटवर मला गाठून म्हणाला, "येतो मी. पण भाऊ, मला परत आणायचं. पोराचं तोंड बघायचंय मला." मी म्हणालो, आणतो की, तू काय लहान आहेस?

असं शब्द देऊन मी त्याला नेलं. हे मी विसरलेलो नाही.

त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी फाट्यावर उतरलो. कंडक्टरनं बांबू टपावर टाकू दिले होते, ते उतरवून आम्ही पुढे-मागे खांद्यावर घेतले. दोन्ही बांबूंच्या मधे पांढरं कापड गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, न्यायला तसंच सोयीचं पडत होतं. गावातून जाताना समोरून एक म्हातारा बैल घेऊन येत होता. आम्हाला पाहून त्यानं बैल कडेला घेतला, टोपी काढली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत हात जोडून उभा राहिला. मी पुढे होतो. मागून माझ्या सोबत्याची चाल मंदावली हे मला खांद्यावरच्या बांबूत कळलं.

पठारावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती, पण दुपार आहे हे घड्याळात बघून कळावं असं धुकं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. वारा होता तरी धुकं हलत नव्हतं. गाईच्या गळ्यातली घंटा एकदा डावीकडून ऐकू यायची, एकदा अगदी मागून, आणि गाय कुठेच नाही. एकदा वाटलं, पाच-सात माणसं एका ठेक्यात चालत जवळून गेली. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. गुराखी असतील, मी म्हणालो. तो खोकत राहिला.

मी बांबू उभे केले तर वाऱ्यानं दोनदा आडवे पाडले. माती उथळ, खाली कातळ. तिसऱ्यांदा पडले तेव्हा मी म्हणालो, ठीक आहे, उभे नाही तर आडवे. दगड रचून दोन्ही टोकांना, मधे शिरायला वाट ठेवून, ओटे केले, कमरेएवढे, डोक्याकडचा जरा उंच, पायाकडचा जरा खाली, म्हणजे पाणी उतरेल. त्यावर दोन्ही बांबू हातभर अंतरानं समांतर ठेवले. वरून कापड टाकलं की मधे झोळ पडून पाणी साचेल, म्हणून झोळ पडू नये यासाठी एका बांबूवरून दुसऱ्या बांबूवर सुतळीचे आडवेतिडवे वेढे घेतले. हात भराभर चालत होते. असं काम मला फार आवडतं, सगळं आपोआप सुचत जातं. शेवटची गाठ मारून मी दोन पावलं मागं सरलो आणि पाहिलं.

काय बांधलंय ते मला दिसलं. आमच्या आळीत कुणी गेलं की मीच पुढे होऊन हे काम करायचो, हाताला सवय होती. दोन बांबू, मधे सुतळीची जाळी. माझ्या हातांनी मला न विचारता तेच बांधलं होतं, फक्त जमिनीऐवजी कमरेएवढ्या उंचीवर.

तोही बघत होता. मी पटकन पांढरं कापड वरून टाकलं, बाजू खाली ओढून खुंट्यांना आवळल्या आणि म्हणालो, झालं बघ, आत शीर. आतली जागा चिंचोळी होती. आधी मी खाली कांबळं अंथरून आडवा झालो, पण माझे पाय घोट्यापासून बाहेर राहिले. मी त्याच्याहून चार बोटं उंच आहे. तेवढ्यात सर आली. तो बाहेर दगडावर बसून राहिला, अंगावर पातळ रेनकोट, खोकल्याची उबळ थांबेना, ओठ निळे पडलेले. मी बाहेर आलो आणि त्याच्यावर खेकसलो, की भुताखेतांच्या नादात न्यूमोनिया होऊन मरशील, गुमान आत जा. तो उठला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन उताणा झोपला. त्याला जागा बरोबर पुरली. डोकं त्या टोकाला, तळवे ह्या टोकाला, ना कमी ना जास्त.

मी रेनकोट ओढून पायाशी बसलो. पाऊस वाढला. दहा-पंधरा मिनिटांत खोकला थांबला, त्याला ऊब आली असावी. मग सुतळी बोलायला लागली. भिजून आवळत होती आणि बांबू कुरकुरत होते, आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही. एक खुंटी जमिनीतून टचकन उपटून आली. मी ती परत ठोकली. मला ठाऊक होतं की सुतळी आवळणारच, मीच तिला त्यासाठी निवडलं होतं. तरी माझी पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू? पांढरं कापड धुक्यात मिसळून गेलं होतं. दिसत होते ते नुसते बांबू, सुतळी आणि त्याचे तळवे.

धुक्यातून एक म्हातारी आली. डोक्यावर इरलं, हातात काठी. गुरं शोधत असावी. माझ्याजवळ येऊन थांबली, बांबू पाहिले, तळवे पाहिले. सरळ, शेजारच्या घरी बसायला आल्यासारखं तिनं विचारलं, "कवा गेला रं?"

मी म्हणालो, "झोपलाय तो."

तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. माणसं अशा वेळी काहीही बोलतात हे तिला माहीत असावं. तिनं इरल्यातलं एक पान मोडलं, वाकून त्याच्या तळव्यांशी ठेवलं, आणि दोन पावलांत धुक्यात नाहीशी झाली.

मी त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. घंटा वाजत होती, बांबू कुरकुरत होते, आणि आतून काही नाही. वडील, त्यांचं ते स्वस्त भीतीचं वाक्य, सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. एवढंच उरलं की मी ह्याच्या खांद्यावर हात ठेवून ह्याच्याएवढा म्हणालोय आणि ह्याला परत न्यायचा शब्द दिलाय. मी चाकू काढला आणि सुतळी कापायला सुटलो. दिसेल तो वेढा, दिसेल ती गाठ. जाळी तुटली तसा झोळ पडला, पावसाचं पाणी त्यात भरलं आणि कापडासकट त्याच्यावर कोसळलं. पांढऱ्या कापडाखाली एक आकृती हात मारायला लागली. मी कापड ओढून काढलं. तो उठून बसला, डोक्यापासून पायापर्यंत ओलाचिंब, डोळे विस्फारलेले. गाढ झोपला होता बिचारा. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट डोळा लागला होता.

माझ्या हातात चाकू बघून, तुटलेली सुतळी बघून त्याला काय ते कळलं. तो रडायला लागला आणि मला त्यानं मिठी मारली. "सोडवलं भाऊ तुम्ही मला," तो म्हणाला.

आता तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. पाल मोडलं होतं, कपडे भिजलेले, कोरडं काही उरलं नव्हतं. उतरायला निघालो आणि वाट चुकलो. धुक्यात त्याच पाण्याच्या डबक्याशी दोनदा परत आलो. पाऊस थांबला नाही. खाली गावात पोचेस्तोवर अंधार पडला होता आणि शेवटची गाडी गेली होती. शाळेच्या पडवीत ओल्या कपड्यांनिशी बसून काढली रात्र. तो कुडकुडत होता, पण चेहऱ्यावर आठ दिवसांत नव्हतं तसं समाधान. म्हणत होता, आता काही होत नाही मला.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात टाकला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं धरली आहेत. त्यांनी करायचं ते सगळं केलं. मी नामपूरला निरोप पाठवला, त्याची बायको आली, तशा अवस्थेत तीन दिवस खाटेशी बसून होती. आठव्या दिवशी पहाटे तो गेला. मी त्याला परत आणला नाही.

दिवाळीच्या सुमारास मी त्याची पेटी घेऊन नामपूरला गेलो. मुलगी झाली होती. ओसरीवर पोर झोळीत निजलेलं, ती शेजारी कांदे निवडत बसलेली. तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला. मी वाट बघत होतो की ही आता मला बोलेल, तोंडावर थुंकेल, काहीतरी करेल. करायलाच हवं होतं. मी तिला सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्या कापडाखाली तुझा नवरा कोरडा होता. मी त्याला मिठीतून सोडलं तेव्हा त्याच्या पाठीखालचं कांबळं अजून गरम होतं. पाल उत्तम बांधलेलं होतं, एक थेंब आत येत नव्हता, सकाळपर्यंत तो तसाच झोपला असता आणि खोकला घेऊन का होईना, घरी आला असता. मी जन्मभर ज्याला हसलो त्यावर दहा मिनिटं विश्वास ठेवला आणि त्याच्या अंगावर पाणी ओतलं. एवढं सांगायचं होतं.

मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. "त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं समदं, भाऊ. तुम्ही दोरी कापली म्हणून. नई तं डोंगरावरच राहिले असते, आमची भेटबी नसती झाली." मग तिनं विचारलं, "तुमच्यात तं असं मानत नाहीत ना? ते म्हणायचे, भाऊ काही मानत नाही. मंग तुम्ही कशी कापली?"

पोर झोळीत हललं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्याकडे त्या उत्तराखेरीज दुसरं काही नव्हतं.

"मानलं मी," मी म्हणालो. "त्या वेळी मानलं."

"लई बरं केलं," ती म्हणाली, आणि पुन्हा कांदे निवडायला लागली.